नॉकआऊटशेजारचा संगणक: शिरोलीतल्या एका फाउंड्रीचं प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत ग्रीन सँडवर, म्हणजे ओलसर वाळूच्या साच्यांत, बिडाची कास्टिंग्ज ओतणारी एक मध्यम आकाराची फाउंड्री आहे. तिच्या मोल्डिंग लाइनच्या टोकाला, साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात त्या नॉकआऊटपासून दहा-बारा पावलांवर, एक साधा डेस्कटॉप संगणक आणि शेजारी लेबल प्रिंटर ठेवलेला होता. काम तसं किरकोळ. कुठल्या पॅटर्नचे किती बॉक्स (साचे) ओतले, त्यात कुठल्या हीटचं, म्हणजे भट्टीच्या कुठल्या घाण्याचं, मेटल गेलं याची नोंद करायची आणि बिनला लावायचं स्टिकर छापायचं. पण गिऱ्हाईक वाहन उद्योगातलं. हीट नंबरचा माग तुटला की एखाददुसरं कास्टिंग बाजूला काढून भागत नाही, सगळा लॉट अडकतो. त्यामुळे हा किरकोळ संगणक बंद पडला की मोल्डिंग सुपरवायझरपासून क्वालिटीवाल्यांपर्यंत सगळ्यांचे फोन सुरू व्हायचे.

माझ्यापर्यंत आलेली तक्रार एका ओळीची होती: "सारखा बंद पडतोय, दुसरा चांगला मशीन सुचवा." इंडस्ट्रियल पॅनेल पीसीची (स्क्रीन आणि संगणक एकाच डब्यात) कोटेशनं आधीच मागवून झाली होती. त्यांची किंमत साध्या डेस्कटॉपच्या कित्येक पट होती आणि मालकांचं मन तिथेच अडलं होतं.

आधी काय काय झालं होतं ते सांगतो, कारण उपायांचा हा क्रम बहुतेक कारखान्यांत असाच असतो. पहिल्यांदा संगणकावर प्लास्टिकचं कव्हर आलं. ते चालू संगणकावरही तसंच राहायचं. मग रोज सकाळी एअर लाइनच्या गनने हवा मारायचा नियम झाला. तरी भागेना, तेव्हा अ‍ॅल्युमिनियम सेक्शन आणि काचेचं कपाट बनवून घेतलं. आत संगणक तापायला लागला म्हणून कपाटाला वरच्या बाजूने भोक पाडून एक्झॉस्ट फॅन बसवला. तोवर एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारावरचा, मुलगा येऊन-जाऊन होताच. तो रॅम काढायचा, सोनेरी पट्टी खोडरबराने घासायचा, परत बसवायचा आणि संगणक चालू व्हायचा. काही दिवसांनी पुन्हा लांब बीप आणि काळा स्क्रीन. या खोडरबराला हसण्यात अर्थ नाही. संपर्कावर बसलेला थर त्याने खरंच निघतो. पण नवा थर बसायची वाट मोकळीच राहते.

एएमसीच्या रजिस्टरवरून कुठल्या तारखेला काय बिघडलं याची यादी काढली आणि पहिली महत्त्वाची गोष्ट तिथे दिसली. मार्च-एप्रिलमध्ये, शेडमध्ये सगळ्यात जास्त धूळ उडते तेव्हा, संगणक गरम होऊन बंद पडायचा, पण पार्ट जळायचे नाहीत. एसएमपीएस (संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा) भडकणं, मदरबोर्ड जाणं, यूएसबी पोर्ट मरणं हे सगळं वळवाच्या पावसाच्या आठवड्यात आणि जूनमध्ये गोळा झालेलं होतं. सुपरवायझर अण्णांनाही हे ठाऊक होतं, फक्त त्यांचं कारण वेगळं होतं. "पावसात लाइटीचं व्होल्टेज हलतंय ओ," ते म्हणाले. व्होल्टेज हलतं हे खरंच, पण त्याच फीडरवरचे ऑफिसमधले संगणक त्या दिवसांत धडधाकट होते.

म्हणून धूळच तपासायला घेतली. कॅबिनेटच्या तळातून आणि एसएमपीएसच्या जाळीतून ती ब्रशने कागदावर काढली. फाउंड्रीत सगळे सरसकट 'वाळू' म्हणतात, पण संगणकाच्या पोटात वाळूचे दाणे जवळजवळ नव्हतेच. मोल्डिंगच्या वाळूचा दाणा साधारण २०० ते ३०० मायक्रॉनचा असतो, तो उडाला तरी पटकन खाली बसतो. आत जाते ती त्याहून कितीतरी बारीक भुकटी, जी तासन्‌तास हवेत तरंगते. ग्रीन सँडमध्ये सिलिका वाळूबरोबर बेंटोनाइट ही चिकट माती, कोळशाची पूड आणि पाणी असतं. गरम कास्टिंग बॉक्समधून निघताना नॉकआऊटवर हे सगळं भाजलेलं, फुटलेलं मिश्रण उडतं. बाजूच्या फेटलिंगमधून (कास्टिंग घासून साफ करतात तिथून) ग्राइंडिंगची लोखंडी पूड येते ती वेगळी.

ओळख पटवायला प्रयोगशाळा लागली नाही. लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून धुळीवरून फिरवला, तर पिशवीला काळी दाढी फुटली. म्हणजे लोखंड होतं. चिमूटभर धूळ पाण्याच्या ग्लासात टाकली. थोडी काळी पूड वर तरंगत राहिली, जड ते खाली बसलं, आणि मधलं पाणी बराच वेळ गढूळ राहिलं. ते गढूळपण बेंटोनाइटचं. मग कोरड्या धुळीच्या थरावर मल्टीमीटरच्या दोन्ही टोच्या थोड्या अंतरावर टेकवल्या. काट्याला काहीच नाही. त्याच थरावर तोंडाची वाफ दोनदा सोडली आणि रीडिंग दिसायला लागलं, म्हणजे थरातून वीज वाहायला लागली.

रजिस्टरमधल्या तारखांचं उत्तर त्या वाफेत होतं. बेंटोनाइट मुळात पाणी धरण्यासाठीच वाळूत घालतात. कच्छहून येणारी ही माती बहुधा सोडा अ‍ॅश घालून सक्रिय केलेली असते, म्हणजे ओल मिळाली की वीज वाहायला तिच्यात सोडियमचे आयन तयार. उन्हाळ्यात बोर्डावर बसलेला थर फक्त पांघरूण होतो, उष्णता कोंडतो. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच थर दोन पिनांमधला रस्ता होतो. एसएमपीएसच्या आत २३० व्होल्टचा पुरवठा रेक्टिफाय होऊन तीनशेहून जास्त व्होल्ट डीसी असतो. तिथे असा रस्ता मिळाला की आवाज करूनच जातो. कोळशातल्या गंधकाचे वायू दमट हवेत तांब्या-चांदीच्या संपर्कांना काळे पाडतात ते निराळं. खोडरबराला काम तिथून मिळत होतं.

वळवाचं मात्र आणखी एक कारण निघालं, ते वर बघितल्यावर कळलं. छपराच्या ट्रसवर कित्येक महिन्यांची भुकटी साचलेली होती. वळवाच्या आधी वावटळ सुटते, पत्रे थरथरतात आणि हे सगळं एकदम खाली येतं. त्यावर अर्ध्या तासात पाऊस. धूळ आणि ओल हातात हात घालूनच पोचत होती.

रोजच्या हवा मारण्याबद्दल अण्णांशी जरा वाद झाला. "हवा मारल्याबिगर चालूच होत नाही," असं त्यांचं म्हणणं. पण लाइनमधली सहा-सात बार दाबाची हवा कोरडी नसते. ड्रायर नसेल तर पाण्याचे तुषार आणि कॉम्प्रेसरचं तेल तिच्याबरोबर येतं. जाळीवरची धूळ ती बाहेर काढते तशी स्लॉटमध्ये, प्रोसेसरच्या हीटसिंकच्या पात्यांत, कनेक्टरच्या खाचांत ठासूनही बसवते, आणि वर तेलाचा हात देते. पंखा त्या झोताने भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. सगळ्यात वाईट म्हणजे उडालेली सिलिकाची भुकटी गन धरणाऱ्याच्या नाकात जाते. हवा मारणं बंद करा, हे मी संगणकासाठी जेवढं म्हणत होतो त्याहून जास्त त्या पोरासाठी म्हणत होतो.

कपाटाचा प्रश्न मात्र खरा होता. काचेच्या कपाटात धूळ ऑफिसच्या टेबलापेक्षा जास्त का, हे कुणालाच कळत नव्हतं. दोष वरच्या एक्झॉस्ट फॅनचा होता. पंखा आतली हवा बाहेर फेकतो, आत दाब कमी होतो, आणि ती भरून काढायला दाराच्या फटी, केबलची भोकं, काचेच्या रबराचे सांधे असतील तिथून शेडमधली हवा गाळल्याशिवाय आत ओढली जाते. पैसे खर्चून संगणकाला व्हॅक्यूम क्लीनरच्या पोटात ठेवल्यासारखं झालं होतं. पंखा उलटा करून, फिल्टर लावून, खालून हवा आत ढकलली असती तर आतला दाब जास्त राहिला असता आणि फटींतून हवा बाहेर गेली असती. पंखा तोच, पत्रा तोच, फरक फक्त दिशेचा.

मग पेटी अगदी हवाबंदच का करू नये? मालकांचा प्रश्न रास्त होता. यावर मत देण्यापेक्षा हिशेब मांडणं सोपं पडतं. ६०० बाय ६०० बाय ४०० मिलिमीटरची पत्र्याची पेटी भिंतीला लावली, तर उष्णता सोडायला उपयोगी पडणारं तिचं क्षेत्रफळ साधारण १.२७ चौरस मीटर भरतं. रंगवलेला पत्रा दर चौरस मीटरला, दर अंशाला सुमारे ५.५ वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे ही पेटी अंशाला ७ वॅट. आत डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून १०० वॅट जळत असतील, तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १४ अंशांनी वर. ओतकाम चालू असताना त्या कोपऱ्यात दुपारी ४२ अंश धरले, तर पेटीत ५६. साधे डेस्कटॉप बनवणारे बहुधा ३५ अंशांपर्यंतच्या खोलीची हमी देतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना निम्मं होतं, हा ढोबळ नियम लावला की हवाबंद पेटीतला संगणक धुळीने मरणार नाही, उकडून मरेल. ऑपरेटर काचेचं दार उघडं का ठेवत होता, त्याचंही उत्तर यात आहे. तो निष्काळजी नव्हता. दार लावलं की संगणक बंद पडतो हे त्याने अनुभवाने शिकून घेतलं होतं.

याच हिशेबाची दुसरी बाजू जास्त कामाची. पेटीत १०० वॅटऐवजी ५ वॅटचं काही ठेवलं, तर तापमान एका अंशानेही वाढत नाही. मग पंखा नको, फिल्टर नको, रबराचा सांधा घट्ट लावून पेटी विसरून जा. म्हणजे 'कुठली पेटी घ्यायची' याच्या आधीचा प्रश्न असा: नॉकआऊटशेजारी जी गोष्ट हवी आहे ती संगणक आहे का? ऑपरेटरला स्क्रीन दिसायला हवा, दहा-बारा आकडे टाकता यायला हवेत आणि स्टिकर हातात पडायला हवं. प्रोसेसर, डिस्क, एसएमपीएस कुठे आहेत याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

त्या लाइनपासून तीस-चाळीस मीटरवर सँड प्लांटची पॅनेल रूम होती. पीएलसी आणि ड्राइव्ह या यंत्रं चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी तिथे एसी आधीपासून चालू होता आणि दार बंद ठेवायची शिस्तही होती. इतकी वर्षं सगळ्यांनी संगणकाला धुळीत वाचवायचा प्रयत्न केला आणि बिनधुळीची खोली समोर होती. याला मूर्खपणा म्हणणार नाही. पॅनेल रूम इलेक्ट्रिकलवाल्यांची, संगणक आयटीचा, नोंद क्वालिटीची आणि टेबल मोल्डिंगचं, अशी वाटणी असली की हे असंच होतं.

पॅनेल पीसीचा पर्याय का सोडला तेही सांगायला हवं, कारण विक्रेता आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) म्हणाला की माणूस निर्धास्त होतो. आयईसी ६०५२९ या मानकात पहिला आकडा धुळीचा. ५ म्हणजे थोडी धूळ जाईल पण कामात अडथळा येण्याइतकी नाही, ६ म्हणजे धूळ मुळीच नाही. पण कोटेशनमधल्या मॉडेलच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की आयपी ६५ फक्त पुढच्या बाजूला. मागची बाजू आयपी २०, म्हणजे बोट जाणार नाही एवढंच. असं यंत्र पॅनेलच्या दारात बसवण्यासाठी असतं, खांबावर टांगलं तर पाठ उघडीच. सगळ्या बाजूंनी बंद असलेली मॉडेल मिळतात, ती आणखी महाग. शिवाय टच स्क्रीन कपॅसिटिव्ह प्रकारचा होता, आणि साध्या कामाच्या हातमोज्यांना तो दाद देत नाही. दाबावर चालणारा रेझिस्टिव्ह घ्यावा, तर त्याच्या मऊ पडद्यावर सिलिका लागलेली बोटं फिरणार. सिलिका कठीणपणात ७ वर, काचेलाही ओरखडते.

शेवटी केलं ते असं. संगणक पॅनेल रूममध्ये नेला आणि हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली. लाइनवर पत्र्याची हवाबंद पेटी, पुढे पॉलिकार्बोनेटची खिडकी, आत कमी विजेवर चालणारा छोटा मॉनिटर आणि त्याच्या मागे एक्स्टेंडरची डबी. हा एक्स्टेंडर चित्र आणि कीबोर्ड दोन्ही नेटवर्कच्या केबलवरून नेतो. साधी यूएसबी केबल ५ मीटरच्या पुढे भरवशाची नाही, त्यामुळे तिथे दुसरा मार्ग नव्हता. मॉनिटर धरून पेटीत वीसेक वॅट, म्हणजे हिशेबाने ३ अंशांची वाढ. ती चालते. बाहेर फक्त सिलिकॉनचा सलग कीबोर्ड, ओल्या फडक्याने पुसता येणारा. माऊस काढूनच टाकला आणि नोंदीचा फॉर्म सगळा आकड्यांच्या कळांवर चालेल असा करून घेतला. खिडकीवर पारदर्शक फिल्म चिकटवली. ती ओरखडली की सोलून नवी.

पहिल्या दिवशी चित्र लुकलुकायला लागलं, तेही ठरावीक वेळी. मेल्टिंगवाल्याने इंडक्शन फर्नेसची पॉवर वाढवली की स्क्रीनवर पट्टे. केबल सोयीचा मार्ग म्हणून फर्नेसच्या बसबारला (जड प्रवाह नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना) समांतर नेली होती. मार्ग बदलून ती जीआय पाइपमधून, बसबारपासून लांबून आणि जिथे ओलांडायचीच तिथे काटकोनात नेली. पट्टे गेले. तरीही गेले नसते तर फायबर टाकायचं ठरलं होतं.

प्रिंटर मात्र हलवता येत नव्हता. स्टिकर तिथेच लागतं, आणि कागद बाहेर यायचा तर फट हवीच. म्हणून त्याच्यासाठी दाबाची पेटी केली: खालून फिल्टरमागे छोटा पंखा हवा आत ढकलणार, कागदाच्या फटीतून ती बाहेर पडणार. कॉम्प्रेसरचीच हवा पेटीत सोडायची सूचना आली होती. पण त्याला ड्रायर आणि तेलाचा फिल्टर लागतो, आणि दिवसभर सुटलेली हवा म्हणजे दिवसभर चालणारा कॉम्प्रेसर. विजेच्या बिलात तो पंख्यापेक्षा फार जड पडतो.

दाबाच्या पेटीची गोम अशी की फिल्टर चोंदला की ती गुपचूप हवाबंद पेटी होते आणि कुणाला कळत नाही. तारखा लिहायचा तक्ता लावला तर तो भरला जातो, फिल्टर बदलला जात नाही. त्यामुळे फटीच्या वरच्या कडेला पॅटर्न शॉपमधून आणलेला रेशमी दोऱ्याचा तुकडा चिकटवला. हवा बाहेर येतेय तोवर तो फडफडतो. लोंबायला लागला की फिल्टरची गादी बदलायची. धुतलेल्या गाद्या पेटीच्याच बाजूला हुकावर टांगल्या, कारण स्टोअरमधून स्लिप फाडून आणायची असती तर कुणी गेलं नसतं. दोरा मात्र लगेच लोकप्रिय झाला. शिफ्ट बदलताना "दोरा हलतोय का बघ रे" हे वाक्य मी स्वतः ऐकलंय.

साफसफाईचे नियम मोजकेच ठेवले. एअर गन संगणकाच्या कुठल्याही भागावर नाही. पॅनेल रूममधला संगणक सुट्टीच्या दिवशी प्लग काढून, मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने, तोही व्हॅक्यूमचं प्लास्टिकचं तोंड बोर्डाला न टेकवता. स्टॅटिकची ठिणगी दिसत नाही, पण चिप मारते. ही सफाई मे महिन्यात, वळवाच्या आधी. खंडेनवमीच्या पूजेला हळद-कुंकू पेटीच्या पत्र्यावर, कीबोर्डवर नाही. या शेवटच्या नियमावर सगळे हसले, पण मागच्या वर्षीच्या कीबोर्डच्या कळांखाली झेंडूच्या पाकळ्या निघाल्या होत्या.

एक गोष्ट मालकांसमोर बोलावी लागली. संगणकासाठी रबराच्या सांध्यांची पेटी आली, फिल्टर आले, आणि नॉकआऊटवर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाला घडी घातलेला रुमाल. रुमालाने ती बारीक भुकटी अडत नाही. सिलिकॉसिस, म्हणजे सिलिकाच्या भुकटीने होणारा फुप्फुसांचा रोग, हा कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत १९४८च्या कारखाना अधिनियमापासून आहे, आणि एकदा झालेला तो बरा होत नाही. पाहणीत दिसलं की नॉकआऊटच्या धूळ ओढणाऱ्या हूडचं एक बाजूचं पान क्रेनच्या धक्क्याने वाकलेलं होतं आणि डक्टच्या बेंडमध्ये वाळू साचून ओढ निम्म्याहून कमी झाली होती. हे दुरुस्त करणं माझ्या कामात बसत नव्हतं. तरी लेखी अहवालात ते पहिल्या क्रमांकावर लिहिलं, संगणक दुसऱ्या. पान सरळ झालं, बेंड साफ झालं, मास्क आले. मास्क सगळे घालतात असं म्हणणार नाही. भट्टीशेजारच्या उकाड्यात आठ तास मास्क घालणं किती अवघड आहे ते घालून बघितल्याशिवाय कळत नाही. पण हूड ओढायला लागल्यापासून नॉकआऊटवरचा ढग खरंच खाली आला.

त्यानंतरचा पावसाळा संगणकाने काढला. एसएमपीएस बदलावा लागला नाही, खोडरबर बाहेर आलं नाही. पेटीतला मॉनिटर एकदा बदलला, त्याचं कारण धूळ नव्हतं. फोर्कलिफ्टचा काटा लागला. मग पेटीपुढे दोन पाइपांचा अडसर उभा केला.

प्रिंटरचं पूर्ण समाधान झालेलं नाही. लेबलचा रोल सुटतानाच स्टॅटिकमुळे धूळ ओढून घेतो, फिल्टरमधून सुटलेले बारीक कण थर्मल हेडवर (उष्णतेने छापणाऱ्या भागावर) घासतात आणि काही महिन्यांनी बारकोडमध्ये उभी पांढरी रेघ दिसायला लागते. आता रोल बदलताना दरवेळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसतात, त्याने आयुष्य वाढलंय. हेड हा खपणारा पार्ट धरून एक नवं कायम स्टोअरमध्ये ठेवायचं, असं खरेदी विभागाने मान्य केलं आहे.